वीजपंखीचा पाय

घरात तिला सगळे धाकटी म्हणत. चाळिशी उलटली, चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवता बसवता केस पिकले, तरी धाकटी ती धाकटीच. लहानपणीच्या तापात तिचा डावा पाय वाळला होता. तेव्हापासून ती कंबरेला झोका देत चालायची, आणि चालायची भरपूर.

सिनेमाचं तिला तसं वेड नव्हतं. पण ‘वीजपंखी’ आला आणि तिने ताळतंत्र सोडलं. त्यातली नायिका जमिनीवर लंगडायची आणि आभाळात उडायची. तिच्या लंगडण्यावर कुणी रडत नव्हतं, कुणी औषध शोधत नव्हतं. शत्रू आला की ती आपली लंगडत गच्चीपर्यंत जायची आणि झेप घ्यायची. धाकटीने तो इतक्यांदा पाहिला, की थिएटरवाल्यांनी हिला आता पगार सुरू करावा, असं भावोजी चिडवायचे. ती कौतुकाने सगळ्यांना सांगायची, ही आमच्यातली आहे.

दुसरा भाग लागला तेव्हा ती हट्टाने ताईला आणि भावोजींना घेऊन दुपारच्या खेळाला गेली. असले उडायचे सिनेमे ताईला पोरकट वाटत, पण धाकटीपुढे तिचं काही चाललं नाही.

सिनेमा जेमतेम रंगात आला होता. वीजपंखी एका गुहेतल्या निळ्या पाण्यात उतरली आणि बाहेर आली ती दोन्ही पाय सरळ घेऊन. संगीत चढलं, ती धावत सुटली, प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. धाकटीला वाटलं, हे स्वप्न असेल, आता ही जागी होईल. पण कसलं काय. उरलेला सगळा सिनेमा ती उंच टाचांचे बूट घालून पळत राहिली. शेवटी तिचा जुना सोबती तिला म्हणाला, आता तू पूर्ण झालीस.

धाकटीच्या अंगाचा तिळपापड झाला. तिने शेजारी पाहिलं, तर ताई रुमालाने डोळे टिपत होती.

बाहेर येताच धाकटी तडक मॅनेजरकडे गेली. हा सिनेमा ज्यांनी काढला त्यांना माझा निरोप कळवा, एवढंच तिचं म्हणणं होतं. मॅनेजरने तिच्या पायाकडे पाहिलं आणि लिफ्ट डाव्या हाताला आहे, असं फार मायेने सांगितलं. तिने लिफ्टकडे ढुंकूनही पाहिलं नाही. जिन्याने उतरली.

भावोजी गाडी आणायला गेले. दोघी बहिणी फाटकापाशी उभ्या राहिल्या. ताई हळूच म्हणाली, “मला तर बाई छान वाटलं. त्यात एवढं चिडण्यासारखं काय आहे?”

“म्हणजे आधी ती अर्धी होती?”

“तसं नाही गं. पण बरं झालं तर कुणाला नको असतं? तुझा पाय बरा व्हावा असं मला रोज वाटतं. त्यात माझं काय चुकलं?”

“तुला वाटतं ते मला माहीत आहे,” धाकटी म्हणाली. “पण मी समोर उभी असते ना, तेव्हा तू मला बघतेस, की पाण्यातून बाहेर येणाऱ्या त्या बाईची वाट बघतेस?”

तेवढ्यात गाडी आली. घरी जाईपर्यंत गाडीत भावोजी एकटेच रस्त्यावरच्या गर्दीबद्दल बोलत होते.

त्यानंतर बरेच दिवस ताईचा फोन आला नाही. आला तो भर कामाच्या वेळी, दुकानात. शेजारीण त्या सिनेमाचे गोडवे गात होती म्हणून ताई तिच्याशी भांडली होती, आणि ते कधी एकदा सांगते असं तिला झालं होतं.

“काय बोललीस तिला?”

“म्हटलं, पहिली होती तीच चांगली होती. तिच्यात काही कमी नव्हतं.” मग ताई म्हणाली, “पण तुझा पाय बरा झाला तर मला आवडेल. ते मी सोडणार नाही हं.”

धाकटीला ते आवडलं नाही आणि तिने तसं सांगितलंही. दोघी पुन्हा वाद घालू लागल्या. काउंटरवर गिऱ्हाईक चष्म्यासाठी खोळंबलं होतं, पण तिने फोन ठेवला नाही.