ताराबाईंच्या मांडवातली चारचाकी

मागच्या सोमवारी शाळा सुटल्यावर गाडी काढायला ताराबाईंच्या अंगणात गेलो, तर बाई मांडवाच्या खांबाला टेकून बसलेल्या. मला बघून नुसता मोबाइल पुढे केला. मेसेज होता... पडताळणीत अपात्र.

मी पोंभुर्णा तालुक्यातल्या एका जंगलकाठच्या गावात मास्तर आहे, बल्लारपूरहून रोज येतो-जातो. शाळेसमोर गाडी लावली की वानरं आरसे उपटतात. म्हणून दोन वर्षांपासून ती शेजारच्या ताराबाईंच्या मांडवात, सावलीला उभी असते.

बाईंचे यजमान वारलेत. थोडं धान, उन्हाळ्यात मोहफुलं, एवढ्यावर घर चालतं. मुलगी चंद्रपूरला नर्सिंग शिकते आणि तिची मेस भागते ती बायकांसाठीच्या सरकारी योजनेच्या महिन्याच्या हप्त्यावर. हप्ता बंद म्हणजे पोरगी शिक्षण सोडून घरी.

आता माझा स्वभाव. बायको म्हणते, हा माणूस कुकरच्या शिट्ट्यांवरही संशय घेतो. माझ्या डोक्यात लगेच यादी सुरू झाली... कोणी केली असेल तक्रार?

पहिला नंबर बाईंच्या शेजाऱ्यांचा. कुंपणावरून त्यांचं आणि बाईंचं मागे वाजलं होतं. मी सहज विचारायला गेलो तर ते घाईघाईनं बैल सोडायला निघून गेले... म्हटलं, हेच ते. मग ऑनलाइन सेंटरवाला, तो माझ्याशी बोलताना स्क्रीनकडेच बघत होता. मग ग्रामपंचायतीतला एक जण, कारण तो फारच गोड बोलला.

दोन दिवसांत मी एवढ्या लोकांची उलटतपासणी केली की गावातले लोक मला बघून रस्ता बदलायला लागले. त्याचाही मी अर्थ काढलाच... सगळे मिळालेले दिसतात!

बुधवारी अर्धी रजा टाकून बाईंना गाडीत बसवलं आणि तालुक्याच्या ऑफिसात नेलं. तिथल्या मॅडमनी कारण वाचून दाखवलं. कुटुंबाकडे चारचाकी वाहन आहे.

मला तर चेवच आला. विधवा बाईच्या नावानं खोटी तक्रार करणाऱ्याचं नाव सांगा, म्हणून मी आवाज चढवला. मॅडम शांतपणे म्हणाल्या की तक्रार कोणाचीच नाही, आमच्या माणसानं घरी जाऊन केलेली पाहणी आहे. आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली.

फोटो होता. बाईंचं घर, मांडव आणि मांडवात... माझी गाडी. नंबर स्वच्छ दिसत होता, मागच्या काचेवर माझ्या लेकीनं चिकटवलेलं फुलपाखरूसुद्धा.

बाईंना विचारलं, पाहणीवाल्याला तुम्ही काय सांगितलंत?

"त्यानं इचारलं गाडी कोनाची. मी म्हनलं भावाची आय, घरचीच आय."

इथे थोडं सांगायला हवं. आम्ही दोघं गोंड, आडनावं वेगळी, पण दोघंही सात देवे, म्हणजे सात देव पूजणाऱ्या कुळांतले. आमच्यात देवांची संख्या सारखी असली की सोयरीक होत नाही, भाऊ-बहीणच लागतात. त्यामुळे बाईंनी खोटं काहीच सांगितलं नव्हतं. गावात कोणीही हेच उत्तर दिलं असतं.

मॅडम भल्या होत्या. म्हणाल्या, गाडीच्या आरसीची झेरॉक्स लावा आणि वाहनमालकाशी अर्जदाराचा कौटुंबिक संबंध नाही असं लिहून द्या, होऊन जाईल. मी झरझर लिहिलं, बाईंना वाचून दाखवलं, पेन दिला... पण बाई सही करेनात.

मी समजावलं. सरकारच्या कागदात कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि लग्न न झालेली मुलं, एवढंच. बाईंनी नीट ऐकून घेतलं.

"मंग भाऊ कोनात येते?"

मॅडमनी कागद पुन्हा बाईंसमोर सरकवला. मी म्हटलं, बाई, पोरीसाठी करा. मग त्यांनी एकेक अक्षर जुळवत सही केली आणि पेन टेबलावर अलगद ठेवला.

बाहेर आल्यावर मी गाडीचं दार उघडलं. बाई जागच्या हलल्या नाहीत.

"नाई भाऊ. आत्ताच लिहून देल्लं ना... कोनी फोटो काढला तं? मी एसटीनं जातो."

मी हसायला गेलो, पण बाई खरंच आजूबाजूला बघत होत्या. पानठेल्यावरच्या माणसाकडे, झाडाखाली उभ्या पोरांकडे... दोन दिवस गावभर मी जसा बघत फिरलो, अगदी तशाच. मला स्वतःची लाज वाटली. ज्यांच्यावर आळ घेतला त्या सगळ्यांची नंतर घरी जाऊन माफी मागितली.

गाडी तिथेच ठेवली आणि बाईंबरोबर एसटीची वाट बघत बसलो. तासाभरानं आली. बसमध्येही त्या माझ्यापासून एक सीट सोडून, अंग चोरून बसल्या.

कंडक्टर आला. बाईंनी मला काही कळायच्या आत त्याच्या हातात पैसे ठेवले आणि गाव सांगितलं, दोन तिकिटं. दुसरं तिकीट कोणाचं, म्हणून त्यानं विचारलं. बाईंनी एकदा मागे बघितलं, एकदा पुढे बघितलं...

"हा. भाऊ आय माझा."

आख्ख्या बसला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.

हप्त्याचा निकाल अजून यायचाय. मी मात्र त्या दिवशी गाव येईपर्यंत खिडकीबाहेरच बघत राहिलो, कारण डोळे भरून आले होते. बाई, तुमचे उपकार कसे फेडू?