नागपूरची नोकरी

नाशिक सोडताना शेजारच्या काकूंनी कुठे निघालात म्हणून विचारले, तेव्हाही मी तेच सांगितले. ह्यांना नागपूरला नोकरी लागली आहे, भेटायला चालले आहे. कित्येक महिने हे वाक्य मी इतक्यांदा बोलले होते, की त्या नोकरीत ह्यांना एकदा बढतीसुद्धा मीच देऊन टाकली होती. खरे म्हणजे हे अमरावतीला एका डॉक्टरांकडे दारू सोडायला जाऊन राहिले होते. माघात सुमतीचे, आमच्या मुलीचे, लग्न होते. सोयरे अकोल्याचे, घरची वकिली. कन्यादानाला बाप हवा, म्हणून मी ह्यांना परत आणायला निघाले होते.

भुसावळ मागे पडले आणि डब्यातली भाषा बदलली. समोरच्या बाईंनी ओळखदेख नसताना माझ्या डब्यातले थालीपीठ उचलले, खाल्ले, आणि तिखट कमी पडले म्हणून मला तोंडावर सांगितले. आमच्याकडे याला आगाऊपणा म्हणतात. पण त्यांनी लगेच आपल्या फडक्यातली भाकर आणि ठेचा माझ्यापुढे सरकवला. तो ठेचा खाऊन माझ्या डोळ्यांतून जे पाणी सुरू झाले ते शेगाव येईपर्यंत थांबले नाही.

बडनेऱ्याला गाडी बदलून अमरावतीला उतरले. कापसाचे दिवस. बाजाराच्या रस्त्यावर बंड्यांची (बैलगाड्यांची) अशी रांग लागली होती की आमचा टांगा मधेच अडकला. टांगेवाल्याला मी फक्त बंगल्याचा पत्ता सांगितला होता. तो मोठ्याने म्हणाला, "म्हणजे दारूच्या डागदराकडं?" मी घाईघाईने सांगितले, तिथे आमचे नातेवाईक राहतात. "काहून लाजता बाई? माह्या सासऱ्यालेबी तिथंच ठेवलं होतं," तो म्हणाला. आजूबाजूच्या बंडीवाल्यांनी माना वळवून माझ्याकडे पाहिले. धरणी पोटात घेईल तर बरे, असे मला झाले.

डॉक्टरांचा बंगला गावाबाहेर होता आणि मागे संत्र्यांची बाग होती. हे सामोरे आले, मला खुर्ची दिली आणि आत जाऊन पाणी घेऊन आले. भांडे काठोकाठ भरलेले होते, आणि एक थेंबही सांडला नाही. त्या हातांना मी किती वर्षे अर्धाच कप चहा देत होते. मला तिथेच रडू कोसळले आणि ह्यांना वाटले, प्रवासाने दमले.

उपचाराचे ह्यांनीच सांगितले. सुरुवातीचे दिवस औषध आणि अंथरूण. अंगाची थरथर थांबली, की मग रोज डॉक्टरांपाशी बसून बोलायचे. डॉक्टर उपदेश करत नाहीत, नुसते ऐकतात आणि मधेच एखादा प्रश्न विचारतात. पहिल्यांदा ह्यांना ती फसवणूकच वाटली होती. उपदेश ऐकायची सवय, तो करणारी मी! हळूहळू हे बोलायला लागले. धाकटा भाऊ विहिरीत बुडाला तेव्हा हे काठावर उभे होते, हे मला त्या दिवशी प्रथम कळले. वाईट वाटले आणि, खोटे कशाला बोलू, रागही आला. संसार माझ्याशी केला आणि मन उघडले ते परक्या माणसापाशी.

संध्याकाळी भाकर आणि अंबाडीची भाजी खाऊन डॉक्टर आणि उपचाराला आलेले सगळे पडवीत बसले. अचलपूरचे एक जमीनदार, एक शाळामास्तर, एक फूलवाला माळी आणि हे. तिथली रीत अशी, की भेटीला आलेल्या माणसालाही एक प्रश्न विचारायचा. मला माळ्याने विचारले, "हे कुठं हायेत, असं लोक इचारतात तवा तुमी काय सांगता, बाई?"

"नागपूरला नोकरी लागली म्हणून सांगते," मी म्हटले. मग लग्नाचे आणि ह्यांना न्यायला आल्याचेही सांगून टाकले. कोणी हसले नाही.

मग हेच म्हणाले, "मी येणार नाही. मांडवात मला नागपूरचा साहेब होऊन बसावं लागेल. ते सोंग माझ्याच्यानं दारूशिवाय निभायचं नाही."

मी आशेने डॉक्टरांकडे पाहिले. त्यांनी ह्यांना शांतपणे विचारले, खरे सांगून बोलावले तर जाल का? हे हो म्हणाले. खरे सांगणे म्हणजे ठरलेले लग्न मोडणे, एवढे मला कळत होते.

दुसऱ्या दिवशी गाडीत बसले ती रागानेच. अकोल्याला देण्याघेण्याचे ठरवायला उतरायचेच होते. वकीलसाहेब कोर्टात गेले होते. विहीणबाईंनी चहा दिला, माझी विचारपूस केली आणि सहज विचारले, "व्याही कसे हायेत नागपूरले?"

उत्तर तयार होते, पण मांडवात बसलेले हे आणि त्यांचे हात मला दिसायला लागले. मी सगळे सांगितले. दारू, अमरावती, नागपूरची थाप. सोयरीक मोडायची असेल तर आत्ताच सांगा, असेही म्हटले.

विहीणबाई उठल्या, दार लोटून परत आल्या. बराच वेळ पदराचे टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

"आमच्या मनोहरले घेतील का हो ते डॉक्टर?"

मनोहर म्हणजे माझा होणारा जावई.

माझ्या पोरीला कशात ढकलत होतात, हे शब्द अगदी ओठांवर आले होते. तेवढ्यात त्या म्हणाल्या, "लग्न झालं का पोरगा सुधरून जाईन, असं वाटलं मले." माझ्या सासूबाईंनाही तसेच वाटले असेल. मी विहीणबाईंचा हात धरला आणि आम्ही दोघी खूप रडलो. माघातले लग्न राहू द्या, आधी मनोहररावांना अमरावतीला न्या, पुढचे सुमती ठरवील, असे सांगून मी निघाले.

परतीच्या गाडीत माझा राग कुठल्या कुठे गेला होता. माणूस आणायला गेली आणि लग्न लांबवून आली, असे लोक म्हणतील. म्हणोत. दोन्ही घरे एकमेकांशी गोड खोटे बोलत होती आणि मधे माझी मुलगी हळद लावून बसणार होती. ह्यांनी त्या पडवीत नाही म्हटले, म्हणून ती वाचली. इतक्या वर्षांत ह्यांनी सुमतीसाठी केलेले ते पहिलेच काम, आणि ते मला तिला सांगायचे होते.