गॅस कुणी बंद केला?

या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी बरीच वर्षं वाचतेय, तेही ऑफिसात डबा खाताना, आणि खरं सांगायचं तर करमणूक म्हणून. पांढरी साडी, पैंजण, वळणावरचं झाड... वाचायचं, हसायचं आणि डब्याला झाकण लावायचं. आम्ही विदर्भातले बौद्ध. घरात देव्हारा नव्हता. बुद्धाची एक मूर्ती आणि पुस्तकांचं कपाट होतं. लहानपणी खिडकीत कुणीतरी दिसलं म्हणून मी रडायला लागले की बाबा म्हणायचे, "पुरावा आण, मग बोलू." आता चाळिशी उलटल्यावर माझ्याकडे पुरावा आहे, पण ज्यांच्यापुढे मांडायचा ते बाबा नाहीत. म्हणून तुमच्यापुढे मांडते.

बाबा दिल्लीत वीज खात्याच्या कंट्रोल रूममध्ये होते. शिफ्ट ड्यूटी. पुढच्या पाळीचा माणूस, म्हणजे रिलीव्हर, आल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही हा तिथला नियम. बाबांनी तो इतका पाळला की माझ्या निम्म्या वाढदिवसांचा केक त्यांनी दुसऱ्या दिवशी खाल्ला. घरीही तीच गत. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली की तिच्या मागून जाऊन गॅसचं बटण बघायचे. आई चिडायची, "मी काय नवी नवरी आहे?" ते गेल्यावर आई मयूर विहारच्या फ्लॅटमध्ये एकटी राहायला लागली, आणि गेल्या हिवाळ्यात तिनं कुकर जाळला. मग महिन्याभरात पुन्हा एकदा.

मी नोएडात राहते, एकटीच, आणि नोकरीही तिथेच. काम सांगायचं तर... हल्ली घरातल्या, कारखान्यातल्या वस्तू सतत आकडे पाठवत असतात. नुसता आकडा मुका असतो. तो कशाचा, कुठल्या खोलीतला, दुसऱ्या आकड्याशी त्याचं नातं काय — हा अर्थ आकडा आल्या आल्या लावणारी सिस्टिम आम्ही बनवतो. उदाहरणार्थ, सेन्सर सांगतो की गॅसचं बटण फिरलं. आम्ही नियम लिहून ठेवलेला असतो की बटण फिरलं म्हणजे फिरवणारा माणूस तिथे असणारच. मग स्वयंपाकघरात माणूस आहे, हा निष्कर्ष सिस्टिम स्वतः काढते. आणि तो कोण हे कळलं नाही, तरी "कुणीतरी आहे" एवढं ती ठामपणे म्हणू शकते. नावाची जागा रिकामी ठेवते.

कुकर जळल्यावर माझा पुण्यातला भाऊ संदीप म्हणाला, आईला नोएडाला ने, फ्लॅट भाड्यानं देऊ. आई ऐकेना. तिची बाल्कनी, तिच्या कुंड्या, रविवारी बुद्धविहारात भेटणाऱ्या बायका... सगळं आयुष्य तिथे. शेवटी तिनंच अट घातली.

"तुझी ती यंत्रं लाव इथे. गॅस जळत राहिला असा एक पुरावा दाखव, मी बॅग भरते. नाही दाखवलास, तर हा विषय बंद. बिल्कुल बंद."

मी गॅसच्या बटणावर सेन्सर बसवला, दाराला एक लावला, आणि आईच्या मनगटावर बँड बांधला. ती कुठल्या खोलीत आहे ते त्यावरून कळतं. माझ्या फोनवरूनही सिस्टिम मला ओळखते. कॅमेऱ्याला आईनं साफ नकार दिला. म्हणाली, "माझ्या स्वयंपाकघरात मी काय चोर आहे?" आणि हो, बटणावरचा सेन्सर फक्त कळवतो, बटण फिरवू शकत नाही. आत्ताच सांगून ठेवते, नाहीतर कमेंटमध्ये कुणीतरी विचारणारच.

थोड्याच दिवसांनी ऑफिसात असताना मी आईशी फोनवर बोलत होते. ती बाल्कनीत होती, कुंड्यांबद्दल सांगत होती. तेवढ्यात ॲपवर मेसेज आला — गॅस बंद झाला. स्वयंपाकघरात अनोळखी व्यक्ती.

"आई, घरात कोण आलंय?"

"काहून ओरडतेस? कोण येणार? मी तुझ्याशीच बोलतेय ना."

"गॅसवर काय आहे?"

मग चपलांचा आवाज. "डाळ ठेवली होती... पण गॅस बंद आहे गं. मीच केला असेल."

दार उघडलं नव्हतं. कामवाली त्या दिवशी आलीच नव्हती. आणि आईचा बँड सांगत होता की ती बाल्कनीतून हललेली नाही.

असं पुन्हा झालं. आणि पुन्हा. प्रत्येक वेळी आई गॅस चालू ठेवून दुसरीकडे रमायची आणि काही जळायच्या आत गॅस बंद व्हायचा. मी सेन्सर बदलला, बँड बदलला. माझा सहकारी तन्वीर नियम तपासून तपासून थकला. "मॅडम, लॉजिक बिल्कुल ठीक है," तो म्हणाला. "बटन घूमा है, आँटी वहाँ नहीं हैं. तो कोई और है. सिस्टम और क्या बोले बेचारा?"

शेवटी एका रविवारी मीच जाऊन बसले. बॅग दारातच, संध्याकाळी परतायचं होतं. आईनं चटणीसाठी शेंगदाणे भाजायला ठेवले, तेवढ्यात शेजारणीनं खालून हाक मारली म्हणून ती बाल्कनीत गेली आणि तिथेच रमली. मी हॉलमध्ये मुद्दाम बसून राहिले. शेंगदाण्यांचा वास सुटला, जरा खरपूस झाला. उठावं की नाही या विचारात असतानाच फोन वाजला. तोच मेसेज.

मी आत गेले. कढईतून वाफ येत होती. शेंगदाणे छान तांबूस, एकही जळलेला नाही. बटण पूर्ण फिरवलेलं. ओट्यापाशी कोणी नाही. भीती वाटली का? नाही वाटली, आणि त्याचंच मला नवल वाटलं. रडू मात्र आलं.

"तू बंद केलास ना?" आईनं आत येत विचारलं.

"हो," मी म्हटलं.

आता पंचाईत बघा. अटीप्रमाणे आई जिंकली होती. गॅस एकदाही जळत राहिला नव्हता, पुरावा तसंच सांगत होता. पण आई विसरते आहे, हेही त्याच पुराव्यात होतं. संदीपला "सगळं ठीक आहे" असं कळवलं असतं, तर माझी आई मी कुणाच्या भरवशावर सोडली असती? ज्याच्या नावाची जागा रिकामी आहे त्याच्या? आणि खरं सांगितलं असतं, तर आईचं घर गेलं असतं.

मेट्रोत बसल्यावर डोक्यात प्रकाश पडला. मयूर विहारहून माझं ऑफिस थेट ब्लू लाइनवर आहे, गाडीही बदलावी लागत नाही. आईला कुठे न्यायचं यावर आम्ही बहीणभाऊ इतके भांडलो, पण मी तिच्याकडे जावं हे दोघांनाही सुचलं नव्हतं. नोएडाचा फ्लॅट सोडला आणि सामान घेऊन आले. आईनं तोंड वाकडं केलं. "माझ्यावर पहारा ठेवायला आलीस?" म्हणाली, आणि लगेच कपाटातला एक कप्पा रिकामा करायला घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं दूध तापत ठेवलं आणि कुंड्यांना पाणी घालायला गेली. मी ओट्यापासून चार पावलांवर उभी राहिले. आता होईल, आता होईल... बटणावरची नजर मी हलवली नाही. दूध वर आलं, काठाला लागलं, आणि भसकन उतू गेलं.

मी पुढे होऊन गॅस बंद केला. फोनवर मेसेज आला, त्यात माझं नाव होतं.

त्या दिवसापासून ते "कुणीतरी" एकदाही आलेलं नाही. आई अजून विसरते, गॅस मी बंद करते. सेन्सर तेच, नियम तेच. तन्वीर म्हणतो, बग अपने आप ठीक हो गया. असेल. माझ्याकडे त्याहून बरं स्पष्टीकरण नाही, तुमच्यापैकी कुणाकडे असेल तर खरंच सांगा. भुतंखेतं मी आजही मानत नाही.

पण त्या सकाळी ओटा पुसून झाल्यावर, आई बाल्कनीतच आहे याची खात्री करून, मी हळूच म्हटलं, "बाबा, मी आलेय. तुम्ही निघा आता."

आमच्या घरात पुराव्याशिवाय मी बोललेलं हे एवढंच.