दोनच पिशव्या उरल्या होत्या

ऑपरेशन थिएटरात सगळे तिला तोंडावर सिस्टर म्हणत आणि पाठीमागे मोजणीबाई. पोट शिवण्याआधी, रक्त टिपायला आत वापरलेले गॉजचे तुकडे मोजायचे आणि आकडा जुळेपर्यंत सुईला कुणाला हात लावू द्यायचा नाही, हे सव्वीस वर्षं तिचं काम. आजही एक तुकडा कमी भरला. डॉक्टर वैतागले.

"सिस्टर, तुमचंच मोजताना चुकलं असेल."

"असेल सर. पुन्हा मोजते."

चौथ्या खेपेला तो बादलीच्या तळाशी, दुसऱ्या तुकड्याला चिकटलेला सापडला. डॉक्टरांनी नुसता सुईसाठी हात पुढे केला. नेहमीसारखंच.

घरी पोचली तेव्हा पायांचे खांब झाले होते. नवरा दारातच उभा होता, एक हात पोटावर. आतड्याचं ऑपरेशन झाल्यापासून शौचासाठी त्याच्या पोटाला पिशवी लावावी लागे.

"दोनच उरल्यात," तो म्हणाला.

"मग सकाळी का नाही सांगितलंत?"

"सकाळी तू घाईत होतीस."

"मी घाईत कधी नसते?"

नेहमीच्या दुकानातला माल संपला होता, चार-पाच दिवस येणार नव्हता. पण नणंदेने एका साइटची लिंक पाठवली होती. उद्याच घरपोच. तिने बूडही नीट न टेकता नाव भरलं, पत्ता भरला, पिशवीचं माप भरलं. कार्डाचे पहिले चार आकडे टाकले आणि सवयीने नजर वर गेली. वर साइटच्या पत्त्याच्या पट्टीत कुलपाचं चिन्ह नव्हतं. तिथे लिहिलं होतं, 'सुरक्षित नाही'.

तिचा अंगठा थांबला.

"आता काय?"

"कुलूप नाही."

"झालं सुरू! अगं, ताईने पाठवलंय."

त्याने लगेच ताईला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"वहिनी, तुम्ही ना, वर गेलात तरी स्वर्गाच्या दारावरची पाटी दोनदा वाचाल!"

"वाचेन हो ताई. चुकून शेजारी शिरायला नको."

ताई हसली. नवरा हसला नाही. कुलूप दिसलं म्हणजे दुकानदार सज्जन, असं काही नसतं, हे तिला ठाऊक होतं. पण कुलूपच नसेल तिथे कार्डाचे आकडे भरायचे म्हणजे ते उघड्या पोस्टकार्डावर लिहून पाठवायचे. तरी तिला वाटलं, एकदा, फक्त एकदा, न बघता बटण दाबावं आणि आडवं व्हावं.

"मग मी परवा पोटाला काय लावू? उशीचा अभ्रा?" नवरा हळूच म्हणाला.

तिने एकेक आकडा पुसला. मग पुरुषांच्या वॉर्डातल्या सिस्टरला फोन केला. घरी गेलेल्या एका पेशंटने त्याच मापाच्या चार पिशव्या मागे ठेवल्या होत्या.

"पण आठच्या आत ये बाई. मग मी सुटते."

जायला दोन बस. तिने सुजलेले पाय पुन्हा चपलेत कोंबले.

"मी येऊ?"

"येऊन काय करणार? बसा."

तो बसला नाही. कपाटाचा खण उघडून आत डोकावला. "दोनच आहेत. परत मोजल्या."

ती उंबऱ्यावर थांबली. "खालच्या खणात बघितलंत?"

पोट सांभाळत तो कष्टाने वाकला. तिची बस निघायला आली होती. तरी ती उभी राहिली.

"नाहीत इथे."

मग ती जिना उतरली.