नवसाचं टक्कल

संतपूरच्या बाजारात लिंबाखाली बसणाऱ्या न्हाव्याचं नाव मी कधी विचारलं नाही. मंदीत डाळमिली बंद पडल्या आणि त्याच्यापुढं चकोट करून घेणाऱ्यांची रांग लागली. एकदा डोकं भादरलं की चार महिने कटिंगचा खर्च नाही. पण भादरलेलं डोकं दिसलं की लोक विचारतात, "घरात कोण गेलं?"

म्हणून तो वस्तरा उघडून बाजारभर ऐकू जाईल असं विचारायचा, "कोन्या देवाचा नवस, अण्णा?" गिऱ्हाईक एखादा देव सांगून मोकळं व्हायचं.

"केस देवाच्या दारात द्यायचे असत्यात की!" एका खवटानं टोकलं.

"देव बी सध्या घरपोच घ्यायलाय," तो म्हणाला.

मी कामाला होतो ती मिलही बंद पडली आणि मी त्याच्यापुढं जाऊन बसलो. मी गावातला नावाजलेला नास्तिक. त्यानं विचारलं, आणि माझ्या तोंडून एकही देव निघेना. सगळ्यांचे कान टवकारलेले.

"ह्यांचा न्हाई, घरच्या वैनीचा नवस हाय!" न्हावीच ओरडला. "घरात ह्यांचं कोन ऐकतंय?"

संध्याकाळी चार शेजारणी आल्या. असल्या माणसाला वाकवणारा देव कोणता, हे त्यांना हवं होतं.

बायकोनं माझ्या डोक्याकडं बघितलं.

"लिंबाखाली बसतोय," ती म्हणाली.