शैलाताईंची नावांची वही

खडकीच्या दारूगोळा कारखान्यात शैलाताईंचे वडील कचरू तीस वर्षं कामाला होते. घरी ते एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचे. आलेला नग वहीत चढला नाही, तर तो कधीतरी कुणाच्या हातात फुटतो. मुलीनं हे फारच मनावर घेतलं. बाल न्यायालयात लिपिक म्हणून लागल्यापासून सहायक अधीक्षक होईपर्यंत शैलाताई रणपिसे यांच्या टेबलावर नोंद न झालेला कागद कुणी पाहिला नाही.

त्या आल्या तेव्हा अभिलेखाच्या खोलीत कपाटं होती, कपाटांत लाल रुमालांत बांधलेले गठ्ठे होते, आणि कोणत्या गठ्ठ्यात काय आहे हे फक्त उंदरांना ठाऊक होतं. शैलाताईंनी स्वतः विकत आणलेल्या जाड वहीत दोन वर्षं खपून यादी केली. पोराचं नाव, बापाचं नाव, गाव, गुन्हा, कपाट, गठ्ठा. अक्षर असं, की वकील मंडळी मुद्दाम बघायला येत. पुढे २००६ साली सगळं संगणकावर घ्यायचा आदेश निघाला, तेव्हा इतर कार्यालयं अजून गठ्ठे झटकत होती आणि यांची वही टंकून तयार होती. वरिष्ठांनी कौतुक करून शाल-श्रीफळ दिलं. यादीच्या सीडीची एक चकती कार्यालयात राहिली, दुसरी वर वरिष्ठांकडे गेली.

कायदा मात्र काही वेगळंच म्हणत होता. पोराच्या हातून काही झालं, समज दिली, मुदत सरली, की त्याची नोंद काढून टाकायची. का, तर पोरपणातली चूक त्याच्या मानगुटीवर जन्मभर बसू नये. शैलाताई दर वर्षी नोंदी नष्ट करण्याचा प्रस्ताव पाठवत. पहिल्या वर्षी उत्तर आलं, नष्ट करण्याचा नमुना जोडलेला नाही. दुसऱ्या वर्षी नमुना जोडला, तर सक्षम अधिकारी कोण ते नमूद करावं. तिसऱ्या वर्षी तेही नमूद केलं, तर प्रस्ताव मागील वर्षाच्या नमुन्यात असल्याने नव्याने सादर करावा. पोरं मोठी झाली, लग्नाला आली, आणि त्यांची नावं संगणकात अकारविल्हे बसून राहिली.

मग हिंजवडीच्या कंपन्यांची पत्रं यायला लागली. कंपन्या स्वतः येत नसत. नव्या उमेदवारांचं व्हेरिफिकेशन करणारी एक एजन्सी होती, तिचा सुदर्शन नावाचा तरुण हातात हेल्मेट घेऊन यायचा. अतिशय सभ्य. पोलीस ठाण्यात महिना लागतो आणि इथे पाच मिनिटांत उत्तर मिळतं, हे त्याला कळल्यापासून तो दर आठवड्याला यादी आणू लागला. सदर उमेदवाराविरुद्ध आपल्याकडे काही नोंद आहे काय. कार्यालयातला लिपिक श्रीनिवास नाव टंकायचा, "नोंद नाही" असा कागद काढायचा, शैलाताई सही-शिक्का द्यायच्या. बिचाऱ्यांच्या नोकऱ्या कशाला अडवायच्या, एवढंच त्यांच्या मनात होतं. तीन महिन्यांत बेचाळीस कागद गेले. चौदावा त्यांच्याच मुलाचा होता. प्रज्ञेश नागोराव रणपिसे, नोंद नाही. त्या दिवशी त्यांनी शिक्का जरा जोरातच मारला होता.

मार्च २००८ मधल्या एका सोमवारी श्रीनिवासनं एका पत्रावर पेन्सिलीनं "आहे" असं लिहून ते पुढ्यात ठेवलं. श्रद्धा कोंडीराम खुटवड, धायरी.

वही उघडायची गरजच पडली नाही. २००२ सालची गोष्ट. पंधरा वर्षांच्या श्रद्धानं वर्गातल्या मुलीच्या दप्तरातून मोबाइल उचलला होता. उचललाच होता, त्यात काही वाद नाही. तीन दिवस गादीखाली लपवून चौथ्या दिवशी तिनं तो स्वतः नेऊन दिला. पण मुलगी शाळेच्या विश्वस्तांची होती, त्यामुळे शाळेनं आईबापांच्या आधी पोलिसांना बोलावलं. सुनावणीच्या दिवशी ती गणवेशात बाकावर बसली होती आणि शेजारी तिची आई इंदुबाई, चार घरी पोळ्या लाटणारी, हाताला अजून पीठ. समज देऊन सोडल्यावर इंदुबाई दारातून परत फिरून शैलाताईंच्या टेबलाशी आली. तिला एवढंच विचारायचं होतं.

"बाई, हे कागदावर ऱ्हातंय का वो?"

"नाही राहत. कायद्यानंच पुसतात. माझा शब्द आहे."

तो शब्द सहा वर्षांनी पेन्सिलीनं "आहे" होऊन समोर आला होता. शैलाताईंना स्वतःचाच असा संताप आला की हातातलं पेन त्यांनी टोपण न लावता खाली ठेवलं, जे त्या कधी करत नसत. गठ्ठे उंदरांच्या ताब्यात होते तोवर ती पोरगी सुखरूप होती. तिला शोधून काढायची सोय आपण केली, आणि वर शाल घेतली.

सुदर्शन उत्तरासाठी समोर बसला होता. ही माहिती देता येत नाही, असं त्यांनी त्याला सांगितलं. तो मुळीच रागावला नाही.

"तसंच लिहून द्या ना मॅडम. मला तेवढं पुरेल."

"पुरेल म्हणजे?"

"बेचाळीस जणांना तुम्ही 'नोंद नाही' दिलंत. त्रेचाळिसाव्याला देता येत नाही म्हणालात, तर कळलंच की आम्हाला. आम्ही काही जज करत नाही, मॅडम. आम्ही फक्त रकाना भरतो."

गुरुवारी या, असं सांगून त्यांनी त्याला वाटेला लावलं. श्रीनिवासनं हलक्या आवाजात सुचवलं, की "नोंद नाही" लिहून मोकळं व्हावं, कोण बघायला येतंय. पण चकती वर गेलेली होती. उद्या कुणी ती उघडली, तर खोट्या कागदासकट पोरगीच सापडायची. आणि खोटं का लिहायचं? कायदा तिच्या बाजूनं होता. कायद्याच्या उलट वागलं होतं ते कार्यालय, तेही बेचाळीस वेळा, शिक्क्यासकट. आपण "नाही, नाही" म्हणत सुटलो, त्या प्रत्येक "नाही"मुळेच ज्यांची "आहे" ती पोरं वेगळी ओळखू येत होती, हे त्यांना आता लख्ख दिसत होतं.

दुपारी डबा न उघडता त्यांनी श्रीनिवासला पत्र सांगायला घेतलं. या कार्यालयानं यापूर्वी दिलेली सर्व उत्तरं रद्द समजावीत. कोणत्याही व्यक्तीची बालपणीची नोंद आहे किंवा नाही, यांपैकी काहीही हे कार्यालय कोणासही कळवत नाही. सोबत यादी, त्रेचाळीस नावं, अकारविल्हे.

श्रीनिवासची बोटं थांबली. "ताई, यात प्रज्ञेश पण आहे."

"ठाऊक आहे. टंका."

दंडाधिकारी मॅडम नव्यानं बदलून आलेल्या होत्या. त्यांनी पत्र दोनदा वाचलं आणि हे कायद्यात बसतं का, असं विचारलं. शैलाताई म्हणाल्या, "बसतं. आजवर आपणच त्यात बसत नव्हतो." मॅडमनी चष्म्यावरून एकदा पाहिलं आणि सही केली.

मग जे व्हायचं ते झालं. त्रेचाळीस जणांचं रुजू होणं लटकलं आणि आईबाप कार्यालयात यायला लागले. गेली सहा वर्षं एका पोळ्या लाटणाऱ्या बाईनं आवाज चढवला नव्हता, पण यांना चोवीस तास धीर निघेना. आमचा मुलगा चोर आहे का, हा प्रश्न त्या आठवड्यात शैलाताईंनी इतक्या वेळा ऐकला की त्यांनी मोजणं सोडून दिलं. सदाशिव पेठेतले एक निवृत्त प्राचार्य तर शब्द मोजून बोलले.

"आमच्या सात पिढ्यांत कुणी कोर्टाची पायरी चढलं नव्हतं. तो योग आपण आणलात, बाई. आभारी आहे."

"बसा ना," शैलाताई म्हणाल्या. "इथे येणाऱ्या सगळ्यांच्या घरी असंच म्हणतात."

वरिष्ठांकडून कारणे दाखवा नोटीस आली. शासकीय कागद रद्द करून नागरिकांची गैरसोय का केली? ज्या नोंदी नष्ट करायला सात वर्षांत एक सही मिळाली नाही, त्या सांगायला नकार दिल्यावर नोटीस मात्र चार दिवसांत आली. शैलाताईंनी कायद्याचं कलम उतरवून, खाली गेल्या सात प्रस्तावांचे जावक क्रमांक लिहून उत्तर धाडलं.

घरचं उत्तर इतकं सोपं नव्हतं. प्रज्ञेशच्या बरोबरची, यादीत नसलेली मुलं रुजू झाली होती. त्याला कंपनीतून मेल आला होता, की पडताळणी अपूर्ण असल्यामुळे तारीख पुढे ढकलली आहे. अकरा दिवस तो आईशी कामापुरतंच बोलला. बाराव्या दिवशी ताटावर बसल्यावर त्यानं विचारलं.

"माझी तर काही नोंदच नाही. मग तू हे करतेयस कुणासाठी?"

शैलाताईंच्या डोळ्यांसमोर पीठ लागलेला हात आला. पोटच्या पोराला नाव सांगितलं असतं, तर त्याला एका क्षणात पटलं असतं, एवढं त्यांना ठाऊक होतं. रात्र रात्र त्यांना झोप नव्हती. याचीही नोकरी गेली तर काय, हाच विचार डोक्यात फिरत होता.

"ते तुला सांगता आलं असतं," त्या म्हणाल्या, "तर हे करावंच लागलं नसतं."

त्यानं जेवण संपवलं. उठताना आईचंही ताट उचलून घेऊन गेला.

एप्रिल संपता संपता सुदर्शन आला, या वेळी यादी न घेता. त्रेचाळीसच्या त्रेचाळीस जणांना नाकारणं कंपन्यांना परवडणारं नव्हतं. बाल न्यायालय कुणाचंच उत्तर देत नाही म्हटल्यावर त्यांनी फॉर्ममधून तो रकानाच काढायला सांगितला होता. "तुम्ही आमचं एक काम कमी केलंत मॅडम," तो हसून म्हणाला. पाच मिनिटांत मिळणाऱ्या उत्तराचा रकाना गेल्याचं त्याला जरा वाईट वाटलेलं दिसलं. मे महिन्यात प्रज्ञेश रुजू झाला.

त्याच महिन्यात दंडाधिकारी मॅडमनी मुदत संपलेल्या नोंदी काढून टाकण्याचा आदेश काढला. गठ्ठे लगद्याला गेले. श्रीनिवासनं संगणकातली नावं पुसली आणि कार्यालयातली चकती मोडली. वही शैलाताईंची स्वतःची होती, तरी तीही त्यांनी गठ्ठ्यांवर ठेवली आणि टेम्पो फाटकाबाहेर पडेपर्यंत उन्हात उभ्या राहिल्या. वर गेलेली चकती परत मागवली, तेव्हा उत्तर आलं, की मागणी विहित नमुन्यात नसल्याने प्रस्ताव नव्याने सादर करावा. त्यांनी तो दुसऱ्या दिवशी सादर केला. तेव्हापासून दर महिन्याच्या एक तारखेला, न चुकता, करतात.

श्रद्धा खुटवड रुजू झाली की नाही, हे त्यांना आजतागायत माहीत नाही. प्रज्ञेश त्याच्या बॅचमधल्या मुलामुलींबद्दल बोलू लागला की त्या भाजी वाढायला उठतात. विचारायचं तर नाव घ्यावं लागेल, आणि ते नाव आता कुठेही लिहिलेलं नसायला हवं.