काकांच्या रायफलचा नवा ट्रिगर

स्कारबरोमधला मार्च महिन्यातला एक शनिवार. बाहेर बर्फ वितळून सगळा चिखल झालेला, आणि मी भालेराव काकांच्या किचन टेबलपाशी एक रायफल उलटी धरून बसले होते... हो, रायफलच. २००९ सालची गोष्ट आहे, घाबरू नका.

काका माझे घरमालक. मी त्यांच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहायचे आणि डाउनटाउनला एका बँकेत सॉफ्टवेअर टेस्टिंग करायचे. काका पुण्याचे, रिटायर्ड इंजिनियर, चाळीस वर्षं कॅनडात. दर रविवारी क्लबमध्ये जाऊन कागदी टार्गेटवर नेम धरायचा, एवढाच त्यांचा शौक. लायसन्स, कुलपं, सगळं अगदी नियमात.

पण त्या विंटरमध्ये संधिवाताने त्यांची बोटं धरली. जुना ट्रिगर इतका जड, की तो दाबेपर्यंत हात थरथरायचा. आदल्या उन्हाळ्यात सुमनकाकू गेल्या होत्या. आता रविवारही गेला तर हा माणूस दिवसभर खिडकीशी बसून राहील, याची मला खरंच धास्ती वाटायची.

म्हणून दुसऱ्या एका कंपनीचा हलका ट्रिगर मागवला. दुकानदाराने बजावलं होतं की आधी रिसीव्हर तपासा. रिसीव्हर म्हणजे रायफलचा मधला धातूचा भाग, ज्यात बाकी सगळं बसतं. काकांच्या मॉडेलमध्ये तो दोन प्रकारचा निघाला होता, जुना आणि नवा, आणि बाहेरून दोन्ही अगदी सारखे. चुकीच्या रिसीव्हरवर ट्रिगर चढवला तर सेफ्टीचा काही भरवसा नाही.

मग काय, दोन इंजिनियर एका टेबलावर... सिरीयल नंबर फोनवर सांगून खात्री करून घेतली. काकांनी व्हर्नियर काढून स्क्रूच्या भोकांमधलं अंतर मोजलं. मी ते परत मोजलं, कारण टेस्टिंगवाल्यांचा सख्ख्या बापावरही विश्वास नसतो. सगळं जुळत होतं.

काकांनी जुना ट्रिगर काढला, नवा लावला... आणि तो बसेना. पुढच्या टोकाला बारीकशी फट राहत होती. जोर लावून स्क्रू आवळले असते तर ती बुजली असती, पण ते करणाऱ्यातले काका नव्हते.

त्यांनी ट्रिगर पुसून डब्यात ठेवला. "रिटर्न करून टाकू," ते म्हणाले. "आणि रायफल पण सेल करतो आता. पुरे झालं." इतक्या शांतपणे म्हणाले, की मला रागच आला.

मापं जुळतायत आणि वस्तू बसत नाही, म्हणजे मध्ये काहीतरी आहे. मी हट्टाने टॉर्च घेतला आणि रिसीव्हरच्या पोटात डोकावले. एका खोबणीत काहीतरी लालसर चिकटलं होतं. गंज असेल म्हणून टूथपिकने हळूच खरवडलं, तर ते सुटून टेबलावर पडलं.

तांदळाचा दाणा होता. तेल पिऊन दगड झालेला, कुंकवाने लाल.

मला आधी काही कळेना. काका मात्र खुर्चीत मागे टेकले आणि हसायला लागले, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. काकूंना ती रायफल मुळीच आवडायची नाही. पण खंडेनवमीला घरातल्या शस्त्राची पूजा झालीच पाहिजे, हा त्यांचा नेम. काका बोल्ट काढून, रायफल रिकामी करून पाटावर ठेवायचे. काकू हळदकुंकू वाहायच्या आणि वर भरघोस अक्षता टाकायच्या. आत दाणे जातील म्हणून काका दरवर्षी कुरकुर करायचे आणि त्या दरवर्षी दुर्लक्ष करायच्या. जुना ट्रिगर आखूड होता, त्याला त्या दाण्याची अडचण कधी झालीच नाही.

खोबण साफ करून ट्रिगर पुन्हा लावला. अगदी चपखल बसला. काकांनी सेफ्टी परत परत तपासली, मग रिकाम्या रायफलचा ट्रिगर दाबून पाहिला. हात जरासुद्धा थरथरला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी वर त्यांच्या बुटांचा आवाज ऐकला, गाडी बाहेर पडली, आणि मी बेसमेंटमध्ये एकटीच आनंदाने रडले.

त्या वर्षी खंडेनवमीला काकांनी मला वर बोलावलं. पाट, रायफल, शेवंतीची फुलं, सगळं स्वतः मांडलं होतं. मूठभर अक्षता घेतल्या आणि हात तसाच धरून थांबले. मी म्हटलं, "काका, आत गेल्या तर परत सगळं उघडावं लागेल."

"उघडू की," काका म्हणाले, आणि सगळी मूठ मोकळी केली.

काका आता नाहीत. परदेशात मला माहेर मिळालं ते त्या घरात... आज त्यांची फार आठवण आली, म्हणून लिहिलं.